कोडॉन क्रमांक २४९

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्लं पटापट मरू लागली. थोडीथोडकी नाही, लाखाहून जास्त. कारण कळेना, म्हणून रोगाचं नावच ‘टर्की एक्स’ पडलं. शोध घेत घेत गाडी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी थांबली. पेंडीला ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी लागली होती. त्याच नावाचे तुकडे जोडून विषाचं नाव झालं अफ्लाटॉक्सिन.

टर्कीपुरतंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. १९७४ साली गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात अवकाळी पावसाने मका भिजला. भिजलेला मका साठवला गेला, त्याला बुरशी आली, आणि तोच घरोघरी शिजला. कावीळ, मग पोटात पाणी. ३९७ जण आजारी पडले, १०६ गेले. बहुतेक आदिवासी. त्यांच्या घरचं खाणारी कुत्रीही आजारी पडली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मका तपासला तेव्हा किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम विष सापडलं. बुरशी लोकांना दिसत नव्हती असं नाही. पण खराब धान्य फेकायला घरात दुसरं धान्य असावं लागतं.

एवढा डोस आठवड्यांत यकृत निकामी करतो. थोडा थोडा, वर्षानुवर्षं पोटात गेला तर कॅन्सर. आणि यात यकृताचाच हात असतो, हे मला फार विचित्र वाटतं. अफ्लाटॉक्सिन मूळ रूपात डीएनएला चिकटत नाही. यकृतातली एन्झाइम्स त्याला शरीराबाहेर घालवण्यासाठी बदलायला घेतात आणि त्या खटपटीत त्याचं जहाल रूप तयार होतं. ते डीएनएमधल्या ‘जी’ला जाऊन चिकटतं. पेशी डीएनएची कॉपी काढताना तिथे ‘टी’ लिहून बसते.

१९९१ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक चीनमधल्या चिडोंगचा, दुसरा दक्षिण आफ्रिकेकडचा. दोन्हीकडे यकृताच्या गाठींमध्ये पी५३ या जनुकात तोच बदल दिसत होता. पी५३चं काम बिघडलेल्या पेशीला थांबवणं, नाहीतर मारणं. चिडोंगच्या १६ पैकी ८ गाठींमध्ये घाव एकाच जागी होता: कोडॉन २४९, तिसरं अक्षर. बहुतेकांत एजीजीचं एजीटी, म्हणजे आर्जिनिनच्या जागी सेरीन. आम्ही लॉग चाळतो तेव्हा एरर कुठल्या ओळीवर आहे ते कळतं, ती कोणी आणली ते दरवेळी कळत नाही. इथे जागेवरूनच संशयिताचं नाव कळत होतं.

तो एकटा मात्र नव्हता. हेपॅटायटिस बी हा त्याचा जोडीदार. विषाणू यकृताला वर्षानुवर्षं सुजवत ठेवतो, पेशी मरतात, नव्या बनतात, आणि प्रत्येक नव्या कॉपीत चुकीला वाव मिळतो. शांघायमध्ये १८,२४४ पुरुषांवर ठेवलेल्या पाळतीत नुसत्या अफ्लाटॉक्सिनने यकृताच्या कॅन्सरचा धोका साधारण ३ पट वाढलेला दिसला, नुसत्या विषाणूने ७ पट. दोन्ही एकत्र असले की ५९ पट. ही बेरीज नाही, साधा गुणाकारही नाही.

चिडोंगमध्ये १९८०च्या दशकात धान्यबाजाराचं धोरण बदललं आणि लोक मका सोडून भात खाऊ लागले. पुढे तिथल्या तरुणांमधले यकृताच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. बाळपणी हेपॅटायटिस बीची लस मिळालेली पिढी तेव्हा अजून त्या वयाला पोचायची होती.