‘कॅन्सर’ ते ‘स्पाइस’

आज एका प्रोग्रामची गोष्ट सांगतो. त्याचं पहिलं नाव होतं ‘कॅन्सर’. इंग्रजी आद्याक्षरं जोडून केलेलं हे नाव, अर्थ असा: नॉनलिनियर सर्किटांचं संगणकावर विश्लेषण, रेडिएशन वगळून.

‘वगळून’ कशासाठी? शीतयुद्धाचा काळ. अमेरिकेत असे बरेच प्रोग्राम लष्करी कंत्राटांवर लिहिले जात, आणि किरणोत्सर्गात सर्किट टिकेल का, हे त्यांना सांगावं लागे. १९६९-७० मध्ये बर्कली विद्यापीठात रॉन रोहरर यांच्या वर्गातल्या पोरांनी नावातच कळवून टाकलं, ते आम्ही करणार नाही! मी फौजी माणूस, पण मला हे आवडलं. रोहरर यांची अटही भारी: प्रोग्राम डॉन पेडरसन यांना पटला तर सगळा वर्ग पास, नाहीतर सगळा नापास. पटला.

गरजही होती. तोवर इंजिनिअर बोर्डावर सुटे ट्रान्झिस्टर जोडून सर्किट तपासत. सगळं एकाच चिपवर आल्यावर ते चालेना. सुटे भाग चिपवरच्या भागांसारखे वागत नाहीत, आणि चिप बनल्यावर चूक सापडली तर मास्क पुन्हा करा, पैसे पुन्हा ओता. त्यापेक्षा समीकरणं मांडायची आणि कुठल्या जोडावर किती व्होल्टेज, ते संगणकाला विचारायचं.

पुढे रोहरर बर्कली सोडून गेले. त्यांचा विद्यार्थी लॅरी नेगल पेडरसन यांच्याकडे आला. पेडरसन यांनी बजावलं, प्रोग्राम सर्वांसाठी खुला हवा. त्यासाठी बंधनं सुटतील इतका तो नव्याने लिही. नेगलने लिहिला. १९७३ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लूला तो ‘स्पाइस’ या नावाने मांडला गेला, १९७५ मध्ये ‘स्पाइस २’ आला. भाषा फोर्ट्रान. टेपवर भरून लोक तो घेऊन जात, शिकून बाहेर पडलेली पोरं कारखान्यांत नेत.

कंपन्यांनी त्यावरच आपली उत्पादनं उभारली. १९८४ चं ‘पी-स्पाइस’ पीसीवर चालू लागलं. त्यात गैर काही नाही. पण परवान्याची मुदत संपली म्हणून विद्यार्थ्यांनी भरलेली प्रयोगशाळा ठप्प झालेली मी पाहिली आहे.

म्हणून आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाचं ‘ई-सिम’ मला मोलाचं वाटतं. फुकट आणि खुलं. सर्किट पडद्यावर काढा, आतलं गणित ‘एनजी-स्पाइस’ करतं, आणि ते बर्कलीच्याच ‘स्पाइस ३’ वरून आलेलं आहे.