सांगलीची मुलगी आणि महिलांचे क्रिकेट

सातारा-सांगलीचा मुलूख म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी तालीम उभी राहते. साहजिकच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझपदक मिळविले. पण त्याच वर्षी भारताने आपला पहिला कसोटी विजय ज्यांच्या नेतृत्वाखाली मिळविला, ते विजय हजारे जन्माने सांगलीचे, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

मुलींची हकीकत मात्र निराळी. महिला क्रिकेटची देशव्यापी संघटना निघाली १९७३ साली. तिची पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात झाली. पैसा कुठला? आरक्षणावाचून आगगाडीने जावयाचे, मिळेल त्या वसतिगृहात पथारी टाकायची, बॅटी आपसांत वाटून घ्यायच्या. अशा संघाने १९७६ साली पाटण्यास वेस्ट इंडीजला हरवून पहिली कसोटी जिंकली! २००५ साली याच संघाने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, तेव्हा खेळाडूंच्या हाती सामन्यामागे आले एक हजार रुपये. पुढल्या वर्षी हा कारभार क्रिकेट नियामक मंडळाकडे गेला.

स्मृती मानधना लहानपणीच मुंबईहून सांगलीस आली. भाऊ क्रिकेट खेळे, त्याचे नाव वर्तमानपत्रात येई. ते पाहून हिनेही बॅट उचलली. २०१३ साली एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत तिने महाराष्ट्रातर्फे गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला. पुढल्याच वर्षी ती कसोटीही खेळली. आणि मग? नोव्हेंबर २०१४ नंतर थेट जून २०२१ पर्यंत भारतीय महिलांच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही. ऐन उमेदीची वर्षे, बघा!

२०१७ साली लॉर्ड्सवर विश्वचषक अवघ्या नऊ धावांनी हुकला. २०२५ च्या स्पर्धेत तर लागोपाठ तीन पराभव झाले. इंदूरला इंग्लंडविरुद्ध मानधना ८८ वर बाद झाली आणि हातातला सामना चार धावांनी गेला. लोकांनी आशा सोडली होती, असे म्हणावयास हरकत नाही. तरीही २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या मुलींनी चषक घेतला. मानधनाच्या त्या स्पर्धेतल्या धावा ४३४. एका विश्वचषकात इतक्या धावा कुणा भारतीय महिलेने पूर्वी केल्या नव्हत्या.

सामन्याचे मानधन २०२२ पासून पुरुषांइतके झाले, हे खरे. वार्षिक कराराची रक्कम मात्र २०२४-२५ साली महिलांसाठी जास्तीत जास्त पन्नास लाख होती, आणि पुरुषांसाठी सात कोटी.