किल्लारीची तीन मापांची घरे आणि नाग नदीचा काठ

पूर आला, भूकंप झाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: आपत्ती जात पाहत नाही. पाणी जात पाहत नसेलही. पण पाणी कुणाच्या घरात शिरणार हे ज्या नकाशावर ठरते, तो नकाशा माणसे काढतात. नकाशा काढायला पैसा लागतो, तो अटींसकट येतो, आणि अटी लिहिताना जात बरोबर पाहिली जाते. नागपूरच्या आंबेडकरी तरुणांनी हा इतिहास आताच समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

आताच का? 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात चार तासांत 100 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी शहरात घुसली. माणसे दगावली, हजारो घरांत चिखल भरला. पुढे अंबाझरी भागातील रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले आणि तलावाचा सांडवा, त्याच्या तोंडाशी असलेले विवेकानंद स्मारक, नदीपात्रातील बांधकामे हे सारे चर्चेत आले. त्यांनी केले ते योग्यच केले. त्याच नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या मजुराने मात्र एक दिवसाची मजुरी बुडवून वकील कुठून गाठायचा?

पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतील 20 टक्के रक्कम आपत्ती येण्याआधीच्या कामासाठी, म्हणजे तिची झळ कमी करण्यासाठी, वेगळी काढली. शहरी पुरासाठी 2,500 कोटी रुपये सात महानगरांना सुचवले. त्यात मुंबई आणि पुणे होते, नागपूर नव्हते. 2025 मध्ये आणखी 11 शहरे निवडली गेली, त्यांतही नागपूर नाही. गंमत म्हणजे अग्निशमनाचे राष्ट्रीय महाविद्यालय इथे, नागरी संरक्षणाचे इथे आणि एनडीआरएफची अकादमीही इथेच. देशाला आपत्तीशी लढायला शिकवणारे हे शहर! तरीही आज ना उद्या निधी येईल, आणि तो स्वीकारण्याचा ठराव पाच मिनिटांत मंजूरही होईल. आमचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

हा प्रश्न बाबासाहेबांनी फार पूर्वी हाताळला होता. 1943 मध्ये दामोदर नदीला महापूर आला आणि कलकत्त्याचा रेल्वेसंपर्क तुटला. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. बांध उंच करा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. 3 जानेवारी 1945 रोजी कलकत्त्यात केंद्र, बंगाल आणि बिहार यांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी अख्ख्या खोऱ्याचा विचार मांडला. पूर अडवायचा, त्याच पाण्यावर वीज आणि शेती उभी करायची, आणि लाभ खोऱ्यात राहणाऱ्या लोकांच्या हातात पडतो की नाही हे पाहायचे. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला कटकमध्ये महानदीबद्दल बोलताना त्यांनी जुन्या पूर समित्यांचे वाभाडे काढले. या समित्या पाण्याला केवळ संकट समजल्या आणि जनतेची संपत्ती म्हणून त्याकडे कुणी पाहिलेच नाही, हा त्यांचा आक्षेप होता. पुढे दामोदर खोऱ्यात धरणे झाली तेव्हा हजारो आदिवासी उठवले गेले, हेही झाकायचे कारण नाही. लाभ कुणाचा, ही अट अंमलबजावणीत गळून पडली की काय होते, ते तिथे दिसते.

आता महाराष्ट्राकडे या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम सुरू झाला आणि राज्याच्या, जिल्ह्यांच्या आपत्ती व्यवस्थापन योजना त्यातूनच पुढे आल्या. म्हणजे आपल्या राज्यात आपत्ती नियोजनाची सुरुवातच बाहेरून आलेल्या पैशातून झाली. 52 गावे नव्या जागी वसवली. घरे कशी वाटली? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला 400. सात हेक्टरच्या वर जमीन असेल तर 750.

हे आकडे पुन्हा वाचा. घरात माणसे किती, हा निकष नाही. मेले किती, हाही नाही. निकष जमिनीचा. आणि मराठवाड्यात जमीन कुणाकडे होती? गावकीची कामे करून पोट भरणाऱ्या महार-मांगांच्या वाट्याला ती किती आली होती? 250 चौरस फुटांच्या रांगेत कोण उभे राहिले असेल, हे सांगायला संशोधक नको. धरणीकंपाने वाडा आणि झोपडी एका पातळीवर आणली होती. सरकारने बँकेच्या पैशाने ती पातळी पुन्हा मोडली, कागदावर 'जात' हा शब्द कुठेही न लिहिता.

2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत छावणी आणि पाण्यापासून दलितांना दूर ठेवले गेले, तो भेदभाव उघडा होता. त्याची नोंद झाली, बोंब झाली. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात तर कलम 61 आहे: भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेद करता येणार नाही. चांगले कलम आहे, पण ते मदतीपुरते. पूर येण्यापूर्वी भिंत कुठे बांधायची, नाला कुठे वळवायचा, कोणती वस्ती 'धोकादायक' ठरवून उठवायची, याबद्दल ते कलम गप्प आहे. किल्लारीची तीन मापे मदतीच्या रांगेत ठरली नव्हती, आराखड्यात ठरली होती. भेद आराखड्यातच शिरतो आणि पुढचा सगळा पैसा आराखड्यामागून धावतो.

नागपूर जिल्ह्याला पूर नवा नाही. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीने नरखेड तालुक्यातील मोवाड गिळले, 204 माणसे गेली. शहरातही उतारावर, नाल्याकाठी कोण राहते ते आपण जाणतो. 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाल्यापासून खेड्यापाड्यांतून आलेला महार कामगार मिळेल त्या जागेवर वसला. शहराने त्याचे श्रम घेतले, सोयीची जागा दिली नाही. त्याच्या नातवाला आता 'अतिक्रमणधारक' म्हणायचे, आणि नदीपात्रातल्या पक्क्या बांधकामाला 'विकास'! अंबाझरीच्या उद्यानातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन 2021 मध्ये पाडले गेले आणि आपल्या मायबहिणींना धरण्यावर बसावे लागले, हे फार जुने नाही. आणि ही नदी आपल्याला परकीही नाही. दीक्षेसाठी नागपूरच का, हे सांगताना 1956 च्या भाषणात बाबासाहेबांनी याच नाग नदीचा आणि नाग लोकांचा दाखला दिला होता.

2025 च्या कायदा दुरुस्तीने महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र शहर आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली आहे. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. शहराचा आराखडा हे प्राधिकरण करणार. त्यात वस्तीचा प्रतिनिधी हक्काने कुठे आहे? पावसाळ्याआधी नाल्यात उतरून गाळ काढणारा सफाई कामगार कुठे आहे? पाणी कुठे तुंबते हे त्याच्याइतके कोणत्याही सल्लागार कंपनीला कळत नाही.

जयंतीच्या मंडळांनी, वाचनालयांनी, बुद्धविहारांच्या समित्यांनी एक काम तातडीने करावे. आपल्या प्रभागात 2023 च्या पुराचे पाणी कोणत्या घरात किती फूट चढले, ते घरोघर जाऊन लिहून काढावे. मग महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा: आपत्ती आराखड्यात आमची वस्ती कोणत्या पानावर आहे, तिच्यासाठी कोणते काम आणि किती रक्कम धरली आहे, ती उठवायची ठरवली असल्यास पर्यायी जागा कुठे आणि किती चौरस फुटांची, आणि हे ठरवणाऱ्या बैठकीला कोण हजर होते. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.