कान्हेरी येथील जलव्यवस्था

मुंबई उपनगर जिल्ह्यात, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांसाठी खडकात कोरून केलेली पाणीसाठ्याची प्राचीन योजना. येथे शंभराहून अधिक लेणी असून त्यांतील बहुसंख्य भिक्षूंची निवासस्थाने होत. पावसाळ्यात या डोंगरावरून धबधबे कोसळतात. उरलेले सुमारे आठ महिने मात्र तो कोरडा असतो. वर्षभर वस्ती करावयाची, तर ओघळणारे पाणी अडविणे भाग होते. त्याकरिता उघड्या कातळात पन्हळी कोरून ते अंगणालगतच्या टाक्यात उतरविले जाई. टाक्याचे तोंड लहान व चौकोनी, आतील पोकळी मात्र विस्तृत. त्यामुळे पाणी उन्हापासून सुरक्षित राही.

कोरीव लेखांत टाक्यास ‘पोढी’ म्हटले आहे. लेण्याप्रमाणेच पोढीही दानाचा विषय होती. दात्यांत कल्याण, सोपारा येथील रहिवासी आढळतात. एका टाक्यावरील त्रुटित संस्कृत लेख विशेष महत्त्वाचा आहे. शतेरक या अमात्याने दिलेल्या या टाक्यामुळे वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशातील महाक्षत्रपाची कन्या होती, असे कळते. महाक्षत्रपाच्या नावाचे ‘रु’ एवढेच अक्षर उरले असले, तरी तो रुद्रदामन असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सातवाहन व क्षत्रप या वैरी घराण्यांतील सोयरिकीची एवढी स्पष्ट नोंद एखाद्या राजवाड्यात नव्हे, तर पाण्याच्या टाक्यावर मिळावी, हे लक्षणीय होय. रुद्रदामनच्या जुनागढ लेखात (इ. स. १५०) दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवूनही निकटच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असा उल्लेख येतो. तो लेखही सुदर्शन तलावाच्या फुटलेल्या बांधाच्या दुरुस्तीचाच आहे.