ब्रोचची मागची बाजू: पिन, फिरकी की चुंबक? जाणून घ्या सर्व माहिती

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्यात एका साखरपुड्याला मी स्वतः बनवलेला चंद्रकोरीचा ब्रोच मावशीच्या पैठणीवर लावला होता. जेवणं होईपर्यंत ब्रोच गायब! शोधल्यावर चंद्रकोर ओसरीत सापडली, पण पिन मात्र अजूनही पदरालाच अडकलेली होती. चंद्रकोर शाबूत, पिनही शाबूत. सुटलं होतं ते फक्त दोन्ही जोडणारं ग्लू.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. फोटोत समोरची बाजू दिसते, पण ब्रोच टिकतो तो मागच्या बाजूमुळे. त्यानंतर भोरला घरी बसून मी बऱ्याच प्रकारच्या पिना लावून पाहिल्या. तुम्हीही रील्स बघून नथीचे, चंद्रकोरीचे ब्रोच बनवत असाल तर ही माहिती नक्की उपयोगी पडेल.

पिन काम कशी करते?

ब्रोचच्या पिनचे तीन भाग असतात: बिजागरी, सुई आणि सुई अडकवायचा आकडा. सुई मोकळी सोडली की ती आकड्यापासून थोडी दूर उभी राहायला हवी. ती दाबून आकड्यात घातली की तार मागे जायला बघते आणि त्या ताणामुळेच पिन बंद राहते. सुई ढिली पडली असेल तर ताण गेला असं समजा.

हीच युक्ती आपल्या सेफ्टी पिनमध्ये आहे. अमेरिकेच्या वॉल्टर हंट यांनी 10 एप्रिल 1849 रोजी तिचं पेटंट घेतलं आणि सगळे हक्क 400 डॉलरना विकून टाकले! तारेला दिलेलं एक वेटोळं स्प्रिंगचं काम करतं आणि टोकावरची टोपी बोटाला टोचू देत नाही.

पिन कुठे आणि कशी बसवायची?

- वरच्या भागात: ब्रोचच्या उंचीचे तीन भाग करा आणि पिन वरच्या भागात लावा. मधोमध लावली तर ब्रोच पुढे झुकतो.
- आडवी लांबी: रुंद ब्रोचला छोटी पिन लावली की तो गोल फिरतो. रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश पिन ठेवा. ब्रोच जड असेल तर दोन सुयांची पिन घ्या.
- आकड्याचं तोंड खाली: वजनामुळे ब्रोच खाली ओढला जातो आणि कापड सुईला वर धरून ठेवतं. आकड्याचं तोंड वर असेल तर सुई तिथूनच निसटते.
- बाजू: उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी, मागून पाहताना बिजागरी उजवीकडे आणि आकडा डावीकडे ठेवतात.

कोणती तार घ्यावी?

साधी लोखंडी पिन आपल्या भागात नकोच. वेल्ह्याच्या पावसात ओल राहते, वरचा मुलामा उडाला की गंज चढतो आणि रेशमावर पडलेला तांबूस डाग सहसा जात नाही. स्टेनलेस स्टीलची 0.8 ते 1 मिमी जाडीची तार चांगली. पितळ गंजत नाही, पण मऊ असतं. पितळी तारेचं एक टोक पक्कं धरून दुसरं पकडीने पिळलं की ती कडक होते. मात्र नंतर तिला डाग देऊ नका, कारण तापली की ती पुन्हा मऊ पडते. टोक बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, म्हणजे धागे तुटणार नाहीत.

चिकटवताना माझी चूक काय झाली?

मी गुळगुळीत धातूवर झटपट सुकणारं ग्लू लावलं होतं. योग्य पद्धत अशी:

1. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करा.
2. स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढा.
3. दोन ट्यूबचं इपॉक्सी समप्रमाणात मिसळून लावा.
4. 24 तास हात लावू नका.

कापडी ब्रोच असेल तर भोकांची पिन घेऊन सरळ शिवून टाका. ग्लूची गरजच नाही.

फिरकी कधी वापरायची?

कुड्यांना असते तशी आट्यांची फिरकी जाड कापडाला बेस्ट. जॅकेट, टोपी, सॅकचा पट्टा यांवरून ती सहज पडत नाही. पण तिची दांडी जाड असते, त्यामुळे पैठणीला ती लावू नका, भोक कायमचं राहील.

चुंबकाचा ब्रोच चांगला का?

कापडाला भोक पडत नाही, म्हणून पिन तुटल्यावर मी चुंबकाकडेच वळलो. पण ओढून काढायला जोर लागणारं चुंबक बाजूला मात्र सहज सरकतं. जड ब्रोच रेशमावरून हळूहळू खाली घसरतो. हलक्या ब्रोचसाठी ठीक आहे.

खरी भीती वेगळीच आहे. माझ्या आजीला पेसमेकर आहे. तसाच एक ब्रोच मी तिच्या पदराला लावायला निघालो, तेव्हा आईने हात धरला. ताकदवान चुंबक जवळ आलं की पेसमेकरचं काम बदलू शकतं. म्हणून चुंबक त्यापासून किमान 15 सेंटीमीटर लांब हवं. छातीवरचा ब्रोच म्हणजे नेमकी चुकीची जागा! कुणाला भेट देण्याआधी हा प्रश्न विचाराच. घरात लहान मूल असेल तर सुटी चुंबकं उघड्यावर ठेवू नका, एकापेक्षा जास्त गिळली गेली तर जिवावर बेतू शकतं.

तुमच्या फोनलाही ते चालत नाही. फोनचा कंपास पृथ्वीचं क्षेत्र मोजतो, जे आपल्याकडे साधारण 40 मायक्रोटेस्ला आहे. फिफॉक्स हे मोफत ॲप उघडून ब्रोच फोनजवळ न्या, आकडा कसा उडतो ते दिसेल. राजगड-तोरणा ट्रेकला धुक्यात सॅकच्या पट्ट्यावर असा ब्रोच असेल तर कंपास चुकीची दिशा दाखवू शकतो.

वापरण्याआधी टेस्ट करा

ब्रोच जुन्या कापडाला लावा, त्याच्याच वजनाएवढं आणखी वजन दोऱ्याने टांगा आणि रात्रभर ठेवा. मग कापड झटका आणि फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढा. सुई आकड्यात हलतेय का, ब्रोच झुकतोय का, लगेच कळतं.

मावशीची चंद्रकोर मी स्टीलच्या पिनवर पुन्हा बसवून दिली. आजीच्या ब्रोचला साधी सेफ्टी पिन शिवली आहे.