दाता गेल्यावर

1948 साली बीसीजी लस आपल्याकडे युनिसेफच्या मदतीने आली. 2011 साली केरळ-तामिळनाडूत पेंटाव्हॅलंट आली ती 'गावी' या जागतिक लस-संस्थेच्या पैशाने. पुढे तो खर्च भारत सरकारने उचलला. बाटलीची सोय झाली. पण बाटलीपर्यंत वस्तीतली पोरे आणणाऱ्या बाईचे काय?

केडगावात राहून इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न जुनाच वाटतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 2005 साली 'आशा' नेमली, ती कर्मचारी म्हणून नव्हे, स्वयंसेविका म्हणून. काम सरकारचे, पण पगार नाही; मोबदला कामागणिक. महारकीत याहून वेगळे काय होते? राबणे गावाचे, हाती इनामाचा तुकडा नि बलुते. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. वतन गेले 1958 च्या कायद्याने.

आमच्याच जिल्ह्यात जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी दलित, निरक्षर बायांना आरोग्याचे ज्ञान दिले. दाता पैसा परत नेऊ शकतो. बाईने कमावलेले ज्ञान नेऊ शकत नाही. मात्र त्या ज्ञानाला वेतन हवे. ते नसेल तर दात्याच्या जागी आपण फक्त नवी वेठ आणली, असेच म्हणावे लागेल.