पॅरिसची वेशकला व किमोनोची बेतणी

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत युरोपीय स्त्रीवेषाचे स्वरूप मुळापासून पालटले. कंबर आवळणारी कॉर्सेट मागे पडली आणि वस्त्राचा भार कमरेवरून खांद्यांवर आला. ह्या स्थित्यंतराची मीमांसा करताना जपानी किमोनोचा उल्लेख नेहमी होतो. परंतु युरोपने किमोनोपासून नेमके काय घेतले, हे सहसा स्पष्ट केले जात नाही. नक्षी उचलणे ही एक गोष्ट होय व बेतणीचे तत्त्व आत्मसात करणे ही दुसरी. ह्या दोहोंत भेद केल्यावाचून ऋणाचे यथार्थ मूल्यमापन होऊ शकत नाही.

प्रथम किमोनोची रचना पाहू. सुमारे ३६ सेंटिमीटर पन्ह्याच्या व साधारण १२ मीटर लांबीच्या एकाच ठाणातून तो बेतला जातो. अंगाचे दोन पट्टे, दोन बाह्या, पुढील बाजूचे दोन अरुंद पट्टे, गळपट्टी व तिच्यावरील आच्छादन असे आठ तुकडे होतात, आणि ते सारे सरळ रेषेतच कापलेले असतात. अंगाचा पट्टा पुढून मागे अखंड जात असल्यामुळे खांद्यावर शिवण नसते. जास्तीचा पन्हा कापून टाकीत नाहीत, शिवणीत दुमडून ठेवतात. परंपरेने धुण्याच्या वेळी किमोनो उसवीत, तुकडे पुन्हा सलग जोडीत आणि धुऊन, ताणून वाळविल्यावर पूर्ववत शिवीत. साडीप्रमाणे तो अखंड वस्त्र नव्हे, तरीही कापडाची अखंडता त्यात शक्य तेवढी राखली जाते. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शिवणकलेची दृष्टी नेमकी उलट होती. शरीराची वळणे प्रमाण मानून कापडाचे वक्र तुकडे पाडावयाचे, चिमटे घ्यावयाचे व आतून कॉर्सेटचा साचा द्यावयाचा, अशी ती पद्धती होती.

१८५४ च्या करारानंतर जपानची बंदरे पाश्चात्त्यांस खुली होऊ लागली व १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात जपानी वस्तू मांडल्या गेल्या. तथापि, आरंभीचा परिणाम पृष्ठभागापुरताच राहिला. क्योतो येथील वेशभूषा-संस्थेच्या संग्रहात १८७० नंतरच्या दशकातील लंडनचा एक पोशाख आहे. जपानी वस्त्र उसवून त्याच्या भरतकाम केलेल्या रेशमातून तो शिवला आहे. घडण मात्र सर्वस्वी तत्कालीन युरोपीय आहे. मोने ह्या चित्रकाराने १८७६ मध्ये आपल्या पत्नीचे भरजरी जपानी झग्यातील चित्र काढले. तेथेही किमोनो हा हौसेने पांघरलेला वेषच आहे. घरात वापरावयाचा सैल झगा म्हणून किमोनो रूढ झाला खरा, परंतु घराबाहेरच्या पोशाखाची बेतणी तशीच राहिली.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात कावाकामी सादायाक्को ह्या अभिनेत्रीचे प्रयोग गाजले व किमोनोविषयीचे कुतूहल वाढले. १९०३ मध्ये स्वतंत्र पेढी काढणाऱ्या पॉल प्वारे ह्याने लवकरच सैल, सरळ उतरणारे अंगरखे प्रचारात आणले. परंतु त्याच्या कल्पनेतील ‘पूर्व’ एकजिनसी होती. चीन, जपान, इराण, तुर्कस्तान ह्यांच्या सीमा तीत पुसल्या जात. ह्या सरमिसळीची खूण शिवणाच्या परिभाषेत आजही टिकून आहे. आपल्याकडील शिवणवर्गांतही परिचित असलेली ‘किमोनो बाही’ म्हणजे अंगासह एकाच कापात निघणारी बाही. प्रत्यक्ष किमोनोची बाही मात्र स्वतंत्र आयताकृती तुकड्याची असून अंगाला मागाहून जोडलेली असते. अंगाच्या कापडातूनच बाही पुढे काढण्याची रीत चिनी अंगरख्यांत आढळते. तेव्हा नाव जपानचे आणि घडण दुसरीकडची, अशी ही स्थिती आहे.

तत्त्वाचा स्वीकार खऱ्या अर्थाने दिसतो तो मादलेन व्हिओने (१८७६–१९७५) हिच्या कामात. तिने १९१२ मध्ये स्वतःची पेढी उघडली. महायुद्धामुळे ती बंद पडली व १९१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. व्हिओने जपानी ठसाचित्रांचा संग्रह करीत असे. कागदावर आराखडा काढण्याऐवजी लहान लाकडी बाहुलीवर कापड सोडून ती पोशाख रचीत असे. १९२० च्या सुमाराचा तिचा एक पोशाख क्रेपच्या चार चौरसांचा आहे. प्रत्येक चौरस एका कोपऱ्यावर टांगल्यामुळे कापड उरेब पडते व अंगावर आपोआप बसते. साध्या भूमितीय तुकड्यांपासून वस्त्र घडविणे व त्याचा आधार खांद्यांवर ठेवणे, हे किमोनोचे तत्त्व येथे स्पष्ट आहे. उलट, उरेब कापडाचा लवचिकपणा हा किमोनोत मुळीच नसलेला गुण आहे. म्हणजे येथे अनुकरण नाही, तत्त्वाचे रूपांतर आहे.

ह्या निष्कर्षाला मर्यादाही आहेत. व्हिओनेवर प्राचीन ग्रीक वस्त्रांचाही प्रभाव होता, आणि कॉर्सेटविरुद्धची वेषसुधारणेची चळवळ तर एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. महायुद्धकाळात स्त्रिया कामासाठी मोठ्या संख्येने घराबाहेर पडल्या, हे कारणही गौण नाही. म्हणून किमोनोने युरोपीय स्त्रीला कॉर्सेटमधून मुक्त केले, हे विधान अतिव्याप्त ठरेल. बदलाची निकड युरोपातच निर्माण झाली होती. ती पुरी करण्याचा एक सिद्ध मार्ग किमोनोने दाखविला, एवढेच साधार म्हणता येते.

पुढे इस्सेई मियाके ह्याने १९७३ पासून पॅरिसमध्ये आपली निर्मिती सादर केली व एकसंध कापडाचा विचार स्वतंत्रपणे पुढे नेला. १९८१ मध्ये कावाकुबो रेई व यामामोतो योहजी हेही तेथे आले. तोवर जपानचा वाटा प्रामुख्याने फ्रेंच पेढ्यांच्या नावांखाली नोंदला गेला होता. आता जपानी निर्माते स्वतःच्या नावाने उभे राहिले. वेशेतिहासाच्या अभ्यासकाने ह्यावरून एक पथ्य पाळावे : वस्त्राचे नाव व नक्षी पाहून थांबू नये, शिवण उलटून पाहावी. किमोनोचे अनामिक शिवणकर व विणकर ह्यांचे श्रेय चित्रांत किंवा जाहिरातींत सापडावयाचे नाही. ते कापाच्या सरळ रेषेतच शोधावे लागेल.